दोन पिवळे टाके

दार वाजलं तेव्हा लाँड्रीताई उशांचे अभ्रे शिंपडत होती. वाटीत बोटं बुडवायची, अभ्र्यावर झटकायची, गुंडाळी करून बाजूला ठेवायची, म्हणजे इस्त्री फिरेपर्यंत ओल सगळीकडे सारखी मुरते. पस्तीस अभ्रे होते, पुलापलीकडच्या छावणीतल्या दवाखान्याचे. वीज सकाळी दोनच तास यायची आणि तेवढ्यात वर पाणीही चढवून घ्यायचं असायचं, म्हणून तिने माळ्यावरची कोळशाची इस्त्री खाली काढली होती. शेगडीवर चहा उकळत होता. खिडकीशी सासूबाई जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडत बसल्या होत्या आणि दर पट्टीगणिक सुनेला बजावत होत्या, की चहा उतू जाणार आहे.

तीनदा टकटक झाली. जरा थांबून आणखी एकदा.

दोघींचे हात जागच्या जागी थांबले.

"तो नाही," सासूबाई लेकाबद्दल म्हणाल्या. "त्याला कुठली आलीय दार वाजवायची रीत! खांद्याने ढकलेल आणि वर आपल्यालाच विचारेल, कडी कशाला लावलीत म्हणून."

हल्ली दार वाजवायचं ते बोटाने, आणि लगेच तोंडाने काहीतरी बोलायचं, असं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. ते जे होते ते दार वाजवत नसत, सगळं अंग दारावर टाकत. बातम्यांमध्ये त्यांना झॉम्बी म्हणायचे. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी ते 'झोंबी' असं ऐकलं आणि म्हणाल्या, "झोंबतात म्हणून झोंबी होय? मग झोंबरे म्हणा की सरळ." तो शब्द गल्लीभर झाला. पुढे सैनिकही तोच वापरू लागले. उपनगराने जगाला दिलेली तेवढीच एक गोष्ट.

"ताई, घाबरू नका," बाहेरून आवाज आला. "मी आहे. दोन पिवळे."

लाँड्रीताईच्या हातातली वाटी अभ्र्यांवर उपडी झाली. दोन पिवळे मेले होते. तीन आठवड्यांपूर्वी तिनेच त्यांना ओळखलं होतं, आणि कागदावर सही तिचीच होती.

*

दोन पिवळे म्हणजे मास्तर. पिवळी गल्ली, दुसरं घर.

हे खुणांचं प्रकरण सासूबाईंनी सुरू केलेलं. लाँड्रीत कपडे एकमेकांत मिसळतात, आणि मिसळले की भांडणं होतात. शाईने खूण केली तर भट्टीत उकळताना उतरते, चिठ्ठी लावली तर गळते. म्हणून कॉलरच्या किंवा गळ्याच्या आतल्या अंगाला दोऱ्याचे बारीक टाके. प्रत्येक गल्लीचा रंग वेगळा आणि जितवं घर तितके टाके. उपनगर तेव्हा सातच गल्ल्यांचं होतं, त्यामुळे सात रिळांत भागायचं. लाँड्रीताई लग्न होऊन आली तेव्हा तिला रुमालाची घडीही धड येत नव्हती. हे सासूबाई अजून सांगतात, आणि सांगताना सून समोर बसली आहे ना, हे आधी बघून घेतात. पण टाके तिने आठवड्याभरात उचलले. पुढे पुढे तर लोक स्वतःची ओळखही तशीच सांगायला लागले. फोनवर कोणी म्हणायचं, "पाच हिरवे बोलतोय, माझा कोट झाला का?" औषधाच्या दुकानातला तीन निळे, पोस्टातली बाई एक तांबडा. मास्तर आपले दोन पिवळे.

फक्त घरच्या कपड्यांना खूण नसायची. नवी सून असताना तिने एकदा हौसेने नवऱ्याच्या शर्टाला दोन टाके घातले, तर सासूबाईंनी ते बसल्या जागी उसवून टाकले. "खूण गिऱ्हाइकाला," त्या म्हणाल्या. "आपलं माणूस आपल्याला ओळखू येतं."

नवऱ्याला गावभर राजे म्हणायचे. कारण साधं होतं. राजांच्या अंगावर रोज वेगळा शर्ट असायचा, कडक इस्त्रीचा, आणि तो त्यांचा कधीच नसायचा. गिऱ्हाइकाचा कपडा एखादा दिवस अंगावर घालून हिंडायचं, संध्याकाळी पुन्हा धुऊन गाठोड्यात ठेवायचा, ही त्यांची खोड. "एक दिवसाने झिजतो का कपडा?" असं वर विचारायचे. आणि गाठोडं बारीक दिसू नये म्हणून त्या शर्टाच्या जागी आपला शर्ट घडी करून सरकवून ठेवायचे. बायको संतापायची. एकदा तर ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. पण गल्लीतल्यांना त्याची गंमतच वाटायची. मास्तर एकदा रस्त्यात थांबून म्हणाले होते, "काय राजे, आमचा शर्ट आज तुम्हाला घेऊन कुठे निघाला?" राजांनी कॉलर ताठ केली आणि म्हणाले, "शाळेत निघालाय, मास्तर. तुम्ही आज घरीच थांबा."

राजे उंच होते आणि ती ठेंगणी. बाहेर पडताना त्यांची मागची कॉलर हमखास उभी राहिलेली असे. ती काही म्हणायची नाही, नुसती मागे जाऊन उभी राहायची. ते मान वाकवायचे. ती कॉलर पाडायची. भांडण चालू असलं तरी एवढं व्हायचंच.

*

झोंबरे यायच्या आधीच निम्म्या घरांना कुलपं होती, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की इथे सगळं सुखाचं चाललं होतं.

बाटल्यांचा कारखाना चालू होता तोवर दर शनिवारी कामगारांचे निळे डगले ढिगाने यायचे. भट्टी दिवसभर पेटलेली असायची, गल्लीत वाफेचा आणि साबणाचा वास भरून राहायचा. कारखाना बंद पडला आणि डगले थांबले. मग हमरस्त्यावरच्या लॉजच्या चादरी आल्या, काही वर्षांनी लॉजही गेलं. शाळेतली मुलं कमी होत होत एका वर्गात बसतील इतकी उरली, मग तो वर्गही बंद झाला. मास्तर मात्र रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन यायचे. बस आधी कारखान्यापर्यंत यायची, नंतर शाळेपर्यंत, आणि शेवटी कालव्याच्या पुलावरूनच मागे वळायला लागली. पुढेही रस्ता आहे हे जणू ड्रायव्हर विसरून गेला. लोक जात होते ते सामान टेम्पोत घालून, आणि जाताना लाँड्रीताईला सांगून जायचे, "आमचं काही राहिलं असेल तर ठेवा हं, येऊन नेतो." कोणी आलं नाही. फळीवर गाठोडी साचत गेली.

मग ते अकरा दिवस आले. त्यांचं वर्णन करण्यात अर्थ नाही. चावा, दोन दिवसांचा ताप, आणि मग तेच माणूस उठून चालायला लागायचं, पण त्याला घर कळत नसे. शहराने तारेचं कुंपण घातलं ते कालव्याच्या अलीकडे. शहराच्या दृष्टीने अलीकडे; इथल्या लोकांच्या दृष्टीने ते पलीकडेच होतं.

चौथ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं नाही. लाँड्रीताई आतल्या खोलीत सासूबाईंचं अंग पुसून देत होती. बाहेरून कॅन आपटल्याचा आवाज आला आणि राजांचा. "कारखान्याच्या टाकीत आहे पाणी. आणतो. आलोच."

"अहो, थांबा जरा," ती म्हणाली. हात ओले होते. ती बाहेर येईपर्यंत दार ओढून घेतलेलं होतं.

तिला त्यांचा शर्ट दिसला नाही. मागे जाऊन उभंही राहता आलं नाही. पण खुंटीवरचा तपकिरी शर्ट, कोपराला ठिगळ लावलेला, तो जागेवर नव्हता. म्हणजे तोच घालून गेले. नोंदणीच्या कारकुनाने वर्णन विचारलं तेव्हा तिने अजिबात न अडखळता सांगितलं होतं: उंच, तपकिरी शर्ट, डाव्या कोपराला ठिगळ, ठिगळ माझ्या हातचं, खूण नाही.

*

अकरा दिवसांनी सैन्य आलं आणि जे फिरत होते त्यांना जाळ्या टाकून पकडून कारखान्याच्या आवारात कोंडलं. तोंडावर गोणपाटाची टोपी, हात मागे पोत्यात बांधलेले. चेहरे उघडायचे नाहीत असा नियम होता, आणि तसेही ते चेहरे कोणाच्या कामाचे राहिले नव्हते. मग कोणीतरी सांगितलं, की इथली एक लाँड्रीवाली आहे, तिला कॉलरवरून माणूस कळतो.

तिला बोलावणं आलं तेव्हा ती लगेच गेली. घरी सासूबाईंना म्हणाली, "हे सापडतील, आई. मीच बघणार आहे म्हटल्यावर सापडणारच."

काम असं होतं. जाळीच्या अलीकडे ती उभी राहायची. पलीकडून सैनिक एकेकाला लांब काठीच्या आकड्याने पाठमोरा धरून आणायचा आणि दुसऱ्या आकड्याने कॉलर उलटायचा. ती वाचायची. "चार तांबडे. बेकरीवाल्यांचा थोरला." "एक जांभळा. आमच्या शेजारच्या वहिनी." कारकून लिहून घ्यायचा. मग तो विचारायचा, "कोणी आहे यांचं?" असेल तर त्या माणसाला निरोप जायचा. ते येऊन जाळीतून बोलून जायचे, एक रात्र थांबून दुसऱ्या दिवशी सैनिक त्या जीवाला शांत करायचे. शांत करणे हा सरकारी शब्द. कोणी नसेल तर त्याच दुपारी. नंतर शाळेच्या मैदानात चुना टाकून पुरायचं, वर आकडा लिहिलेली लोखंडी खुंटी आणि नावाची पाटी. कॉलरचा तुकडा कापून पाकिटात, पुरावा म्हणून. खूण लागली नाही तर अनोळखी. अनोळखींना खुंटी नाही. ते कालव्यापलीकडच्या मोठ्या खड्ड्यात.

एकशे एकोणसाठ माणसं तिने वाचली, बाकीची अनोळखी गेली. घरी येऊन ती जेवायची, भांडी घासायची, सासूबाईंच्या केसांना तेल लावायची. तपकिरी शर्ट आला नाही.

दोनशे चौदा नंबर आणला तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. निळा शर्ट, रेघांचा. बाकीचे सगळे आकड्याला हिसके द्यायचे, गुरगुरायचे. हा नाही. ती जाळीशी गेली तसा तो गप्प उभा राहिला. सैनिकाने आकडा कॉलरला लावला, आणि त्याने मान वाकवली.

"दोन पिवळे," ती म्हणाली. "मास्तर आहेत हे." आणि सकाळपासून इतक्यांना वाचून तिचं डोकं इतकं बधिर झालं होतं, की ती हसून पुढे म्हणाली, "बघा, आता या अवस्थेतसुद्धा शिस्त सोडली नाही मास्तरांनी."

कारकूनही हसला. "कोणी आहे यांचं?"

"नाही हो. इथे एकटेच ते."

तिने सही केली.

*

"ताई?" दाराबाहेरून मास्तर पुन्हा म्हणाले. "दार उघडायचं नसेल तर नका उघडू. माझं गाठोडं तेवढं खिडकीतून द्या."

तिने कडी काढली. मास्तरच होते. अंगावर कोणाचातरी ढगळ शर्ट, बाह्या बोटांवर आलेल्या, दाढी वाढलेली. पायरीवर ते अवघडून उभे होते.

"मेव्हण्याचा आहे," शर्टाकडे बोट दाखवून ते म्हणाले. "तुम्ही असं बघू नका हो. मी बहिणीकडे गेलो होतो, घाईत तुम्हाला सांगायचं राहिलं. हे सगळं सुरू झालं त्याच्या आदल्या दिवशी. गाठोडं टाकलं तुमच्याकडे, म्हटलं परत आलो की नेतो. तिकडेच अडकलो. आज आलो, तर पुलावरचा शिपाई यादी बघून म्हणतो, तुम्ही मेलेले आहात. म्हटलं, मग आत सोडतोस की नाही? तो म्हणाला, आत जायला मेलेल्यांना परवाना लागत नाही. बाहेर यायला लागेल."

ते स्वतःच थोडंसं हसले.

"माझ्याच शाळेच्या मैदानात माझी पाटी बघून आलो, ताई. अक्षर फार वाईट काढलंय. कोण आहे हो तिथे?"

तिने ओले हात पदराला पुसले. वळली आणि फळीपाशी गेली. मेलेल्यांच्या गाठोड्यांना तिने आजवर हात लावला नव्हता. त्यांच्यावर धूळ बसली होती. पिवळ्या गल्लीचा खण, दुसरं गाठोडं. तिने ते टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली.

एक करडी पँट. एक काळी पँट. आणि खाली, चौकोनी घडी घालून नीट बसवलेला, तपकिरी शर्ट. डाव्या कोपराला ठिगळ.

इस्त्रीतले कोळसे तडतडत होते. शेगडीवर चहा उतू गेला आणि सासूबाई म्हणाल्या, "सांगत होते मी." मग काही आवाज येईना तसं त्यांनी मान वळवली. त्यांना दूरचं धड दिसत नसे, नुसते आकार दिसत.

"कोण आलंय गं?"

"मास्तर आहेत, आई."

"ते मेले ना?"

"नाही मेले."

सासूबाईंनी हातातली पट्टी गुंडाळली, पुन्हा सोडली.

"मग कोण मेलं?"

मास्तरांनी टेबलावरच्या शर्टाकडे पाहिलं, मग ताईकडे. राजांची खोड त्यांना ठाऊक होती. अख्ख्या उपनगराला ठाऊक होती. ते खाली पायरीवरच बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

लाँड्रीताईने तो शर्ट नेऊन सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. म्हातारीने तो चाचपला. कॉलर, बटणं, मग बाही. ठिगळ लागलं तिथे बोटं थांबली. तिने शर्ट नाकाशी नेला, आणि बराच वेळ तिथेच धरून ठेवला.

"तू बघितलंस त्याला?" तिने विचारलं.

"पाठमोरे होते," लाँड्रीताई म्हणाली. "मान वाकवली त्यांनी, आई. माझ्यासमोर मान वाकवली. आणि मी हसले. कोणी आहे का यांचं म्हणून विचारलं, तर मी म्हटलं नाही. एक रात्र तरी मिळाली असती. मी म्हटलं कोणी नाही."

तिला रडू येईना. ती तिथेच उभी राहून, सवयीने, ओले झालेले अभ्रे पुन्हा गुंडाळायला लागली, आणि मग तिच्या लक्षात आलं की ती एकच अभ्रा पुन्हा पुन्हा गुंडाळते आहे.

सासूबाई तिला काही बोलल्या नाहीत. आयुष्यभर जी बाई चहावरूनही बोलायची सोडत नव्हती, ती यावर काहीच बोलली नाही. तेच लाँड्रीताईला सोसवेना.

खूप वेळाने म्हातारीने उशाखालची सुयांची डबी काढली. तिच्यात टाके उसवायची एक लहान, टोकदार कात्री होती, वापरून वापरून पातळ झालेली. ती तिने सुनेच्या दिशेने धरली.

"त्याच्या गळ्याला दुसऱ्याची खूण ठेवू नकोस," ती म्हणाली.

*

नोंदणीचं ऑफिस कारखान्याच्या फाटकाशी होतं. पूर्वी कामगारांची हजेरी तिथे लागायची. भिंतीवर कार्डांचे रिकामे खण अजून होते. कारकून शहरातला होता, वयाने तरुणच, पण गेल्या काही आठवड्यांत त्याचे खांदे म्हाताऱ्यासारखे वाकले होते. त्याच्या टेबलावर खोकल्याच्या गोळ्या, शाईचा शिक्का आणि जाड रजिस्टर.

मास्तरांना समोर बघून तो उठून उभा राहिला, मग बसला.

"हे दोनशे चौदा," तो म्हणाला.

"मी नव्हे," मास्तर म्हणाले. "म्हणून तर आलोय."

लाँड्रीताईने सगळं सांगितलं. शर्ट, गाठोडं, राजांची खोड. सांगताना ती कुठेही थांबली नाही. कारकुनाने मान खाली घालून ऐकून घेतलं. दोनशे चौदा त्याला आठवत होता. तिचा विनोदही आठवत असावा, कारण त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

"बाई, मास्तर जिवंत आहेत, हे मला दिसतंय," तो शेवटी म्हणाला. "त्यांचं नाव मी काढतो. पण मग त्या खुंटीवर कोण? पुरावा एकच असतो, खूण. खूण मास्तरांची आहे आणि मास्तर इथे उभे आहेत. तुमच्या यजमानांची खूण कोणती?"

"नाही. घरच्या कपड्यांना खूण नसते."

"मग मला अनोळखी लिहावं लागेल. आणि अनोळखी लिहिलं की खुंटी काढतात. कालव्यापलीकडे न्यावं लागतं."

"त्यांना पुन्हा उकरणार?"

कारकून शिक्का टेबलावर इकडून तिकडे सरकवत राहिला.

"असं करा," मास्तर पुढे होऊन म्हणाले, "मला मेलेलाच राहू द्या. माझं काय अडतंय? शाळा बंद, पेन्शन बंद. राजे माझ्या नावावर झोपू देत तिथे. शर्ट माझा घेतला, नावही घेऊ दे."

"तुम्ही मध्ये बोलू नका," कारकून कळवळून म्हणाला. "तुमची नोंद बंद आहे."

"नाही, मास्तर," लाँड्रीताई म्हणाली. "तुम्हाला परत पूल ओलांडायचाय. बहीण वाट बघत असेल. कोणाचं तरी वाट बघणं संपू दे." मग ती कारकुनाकडे वळली. "ठीक आहे, साहेब. अनोळखी लिहा. तुमच्या नियमाला तेच बसत असेल तर तेच लिहा."

कारकुनाने रजिस्टर उघडलं. मास्तरांच्या नावावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली. शिक्का मारून परवाना त्यांच्या हातात दिला. ते तो घेऊन तसेच उभे राहिले. खिडकीतून शाळेचं मैदान दिसत होतं, खुंट्यांच्या रांगा, आणि दोन सैनिक सावलीला बसून काहीतरी खात होते. मैदान अजून अर्धं रिकामं होतं. तेही भरेल असं सगळ्यांनी धरलेलं होतं.

"त्यांना न्यायला गाडी कधी येते?" तिने विचारलं.

"गुरुवारी."

आज मंगळवार होता. तिने मान हलवली, जणू कोणी कपडे कधी मिळतील ते सांगितलं होतं.

"तुम्हाला काही हवंय का, बाई?" कारकून म्हणाला. "माझ्या हातात फार काही नाही. पण असेल ते."

लाँड्रीताईने पदराच्या टोकातून ती लहान कात्री सोडवली आणि टेबलावर ठेवली.

"दोनशे चौदाच्या पाकिटातली कॉलर मला पाच मिनिटं द्या," ती म्हणाली. "तिच्यावर दोन पिवळे टाके आहेत. ते मला उसवायचेत. मग कॉलर तुमची तुम्हाला परत देते."